इंग्रजीच्या माळ्यावरचे शब्द

गिरगावकरीण

गेल्या आठवड्यात आजोबांच्या घराचं खरेदीखत टंकत बसले होते. १९३४ सालचं, मुंबईतच झालेलं. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून वकिलांना मजकूर हवा होता आणि झेरॉक्सवर निम्मी अक्षरं पुसट. फोनवर एकेक ओळ टंकायची आणि पुण्याला भावाला तपासायला पाठवायची, असं चाललं होतं. भावाचा निरोप आला, ‘ताई, जमिनीबरोबर मेसेज कसले विकलेत?’ बघते तर मी लिहिलेला ‘मेस्युएज’ फोनने परस्पर ‘मेसेज’ करून टाकलेला.

मेस्युएज म्हणजे राहतं घर आणि त्याला लागून जे जे असेल ते सगळं. अंगण, परस, न्हाणी, गोठा. उच्चार ‘मेस्विज’ असा करतात. फ्रेंचमधून इंग्लंडच्या कायद्यात आला आणि कंपनी सरकारबरोबर मुंबईत उतरला. रोजच्या इंग्रजीत हा शब्द कोणी उच्चारत नाही, पण मुंबईच्या वर्तमानपत्रांतल्या मालमत्तेच्या जाहीर नोटिसा वाचा. ‘ऑल दॅट पीस ऑर पार्सल ऑफ लँड ऑर ग्राउंड, टुगेदर विथ द मेस्युएजेस, टेनमेंट्स…’ असं अजूनही छापून येतं.

त्याच खतात पुढे ‘नाऊ धिस इंडेंचर विटनेसेथ’, म्हणजे ‘हे खत साक्ष देतं की’. आज ‘विटनेसेस’ म्हणतील. तृतीयपुरुषी क्रियापदाला ‘एथ’ लावायची रीत बोलण्यातून जाऊन तीनशेहून जास्त वर्षं झाली. आपल्याकडच्या खतांत मात्र आजही ‘विटनेसेथ’ असतं.

हे शब्द मेले असं मला वाटत नाही. माळ्यावर टाकलेत, एवढंच. आणखी एक जाणवलं. यातले बरेच शब्द शब्दकोशातला इंग्रजी अर्थ वाचून डोक्यात शिरत नाहीत. मराठी जोडीदार सापडला की चटकन बसतात. तुम्हाला भेटलेले असे शब्द लिहा. अर्थ लिहाच, पण कुठे भेटला तेही सांगा, मला त्यातच जास्त रस आहे.

पाटीपेन्सिल

छान धागा. माझा शब्द घरातल्या प्रत्येकाच्या कपाटात आहे. पासपोर्ट उघडा. राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते तिच्यात ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ असे शब्द आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ‘लेट’ म्हणजे जाऊ द्या, मग ‘विदाउट लेट’ कसं? उलटाच अर्थ होतोय.

हे दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीत एक ‘लॅटन’ म्हणजे जाऊ देणे आणि दुसरा ‘लेट्टन’ म्हणजे अडवणे. उच्चार झिजत झिजत दोघांचं रूप एक झालं. एकाच शब्दाचे दोन विरुद्ध अर्थ भाषेला पेलवेनात, तेव्हा अडवणारा ‘लेट’ मागे पडला. पासपोर्टात तो राहिला. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून गेली की ‘लेट’ म्हणतात, तोही बहुधा हाच.

शिळोप्याच्या_गप्पा

पाटीपेन्सिल, यावरून कायद्यातल्या जोड्या आठवल्या. ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणजे मृत्युपत्र, ‘गुड्स अँड चॅटल्स’ म्हणजे जंगम मालमत्ता. एकाच वस्तूला दोन शब्द कशाला? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार-कचेरीची भाषा फ्रेंच झाली. रयत इंग्रजीच बोलत होती. कागद दोघांनाही कळावा म्हणून लेखनिक दोन्ही भाषांतला शब्द शेजारी शेजारी ठेवू लागले, असं कारण सांगतात. ‘विल’ आणि ‘गुड्स’ मूळचे इंग्रजी, ‘टेस्टामेंट’ आणि ‘चॅटल्स’ लॅटिन-फ्रेंचकडचे.

आता आपल्याकडे बघा. कागदपत्र. धनदौलत. बाजारहाट. रीतिरिवाज. प्रत्येक जोडीत एक शब्द फारसी-अरबीकडून आलेला आणि एक आपला. शेकडो वर्षं फारसी दरबारांच्या सावलीत राहिलेल्या मुलखाची ही खूण आहे. आपण दिवसातून दहादा ‘कागदपत्रं आणलीत का’ विचारतो आणि त्यात दोन राजवटी बोलतात, हे मला फार लोभस वाटतं.

डोंगरवाट

मी पंधरा वर्षं साउथ यॉर्कशायरमध्ये आहे, रुग्णालयात काम करते. पहिल्या हिवाळ्यात एक आजोबा तपासायला आले. कोळशाच्या खाणीत आयुष्य गेलेलं, बोटांच्या पेरांत काळ्या रेघा. मी विचारलं, कसं वाटतंय? ते म्हणाले, ‘नाउट टु वरी अबाउट, लव्ह. दा लुक्स टायर्ड.’ मला काही कळेना. शेजारची परिचारिका तिथलीच. तिने सांगितलं, ‘नाउट’ म्हणजे काही नाही आणि ‘दा’ म्हणजे तू. आजोबा मलाच म्हणत होते, तूच दमलेली दिसतेस.

तो ‘दा’ म्हणजे ‘दाऊ’. शाळेत आपण दाऊ, दी, दाय हे कवितेतले शब्द म्हणून पाठ केले. बाईंनी ‘जुन्या काळी यूला दाऊ म्हणत’ एवढं सांगून पान उलटलं होतं. त्यांनी ‘दाऊ म्हणजे तू आणि यू म्हणजे तुम्ही’ असं एक वाक्य म्हटलं असतं तर आम्हाला सगळं कळलं असतं! एकाला, जवळच्याला, लहानाला ‘दाऊ’. अनेकांना किंवा मोठ्यांना ‘यू’. पुढे शहरांत कोणाचा मान कोणता हे ठरवणं अवघड झालं, चुकून कोणाचा अपमान नको म्हणून सगळेच सगळ्यांना ‘यू’ म्हणू लागले. म्हणजे इंग्रजीत उरलं ते ‘तुम्ही’, आणि ‘तू’ गेलं.

यॉर्कशायरच्या खेड्यांत आणि खाणकामगारांच्या वस्त्यांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ते अजून आहे. इथे मुलांना दटावायची एक म्हण आहे, तिचा भाव असा: मला ‘तू’ म्हणू नकोस, स्वतःला म्हणून बघ कसं वाटतं ते. आपल्याकडे ‘अरेतुरे करू नकोस’ म्हणतात तेच.

त्या आजोबांनी मला ‘दा’ म्हटलं तो माझा तिथला पहिला आपलेपणा होता, हे कळायला मला दोन दिवस लागले. कळल्यावर डोळे भरून आले.

वसईचा_पाव

डोंगरवाट, फार सुंदर लिहिलंत.

या ‘दाऊ’बद्दल एक गैरसमज जगभर आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांनाच आता वाटतं की ‘दाऊ’ हा खूप भारदस्त, आदराचा शब्द. कारण तो त्यांना फक्त प्रार्थनेत आणि १६११च्या बायबलमध्ये भेटतो. पण तिथे तो आला तो साधा एकवचनी ‘तू’ म्हणून. आमच्या मराठी प्रार्थनेत ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ असंच म्हणतात, ‘आपले नाव’ कोणी म्हणत नाही. विठोबालाही कोणी अहोजाहो करत नाही. आईला आणि देवाला ‘तू’ म्हणण्यात काय असतं हे मराठी माणसाला समजावून द्यावं लागत नाही.

जुनाट_दस्त

भर घालतो. ‘दाऊ’ हे क्रियापदही होतं, ‘टु दाऊ’ म्हणजे अरेतुरे करणे. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याच्यावर ओरडला, ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ म्हणजे, मी तुला ‘तू’च म्हणणार, द्रोह्या. एका सरदाराला सर्वांसमक्ष अरेतुरे करणं हाच मोठा वार होता. हे वाक्य आजच्या लंडनकराला पुस्तकात समजावून सांगावं लागतं. मराठी वाचकाला ऐकताक्षणी कानाखाली वाजल्यासारखं होतं.

त्याच शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी उलटा मार्ग धरला. देवासमोर सगळे सारखे, म्हणून न्यायाधीश असो की जमीनदार, सर्वांना ‘दाऊ’च म्हणायचं. त्यापायी त्यांनी मार खाल्ला.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत. इथे ऑफिसात ‘फोर्टनाइट’ म्हटलं की समोरचा थबकतो, त्याला तो फक्त व्हिडिओ गेम वाटतो. मूळ शब्द चौदा रात्री, ‘फोर्टीन नाइट्स’ आवळून झालेला. तसाच ‘सेनाइट’ होता, सात रात्री म्हणजे आठवडा. तो पूर्ण गेला. फोर्टनाइट ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे धडधाकट आहे, अमेरिकेने टाकला.

दिवसांऐवजी रात्री का? जर्मानिक टोळ्या दिवस न मोजता रात्री मोजतात असं रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलंय. अमेरिकन मित्राला याचं नवल वाटलं. मी म्हटलं, आमच्याकडे नऊ दिवसांच्या सणाला नवरात्र म्हणतात.

आणि माझा सर्वांत लाडका, ‘ओव्हरमॉरो’. म्हणजे परवा, उद्याच्या पलीकडचा. १५३५च्या कव्हरडेलच्या बायबलमध्ये आहे. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘यूबरमॉर्गन’ रोज वापरतात. इंग्रजीने मात्र हा सुटसुटीत शब्द टाकून ‘द डे आफ्टर टुमॉरो’ असा लांबलचक प्रकार घेतला. मागच्या परवाला ‘इअरयेस्टरडे’ होता, तोही गेला. आपल्याकडे दोन्ही बाजूंना परवा आहे, त्यापलीकडे तेरवाही आहे. माझ्या मुलीला ‘तेरवा’ कळत नाही, म्हणून आता मुद्दाम वापरतो.

स्पष्टवक्ता_९

सगळं ठीक. पण याचा उपयोग काय? मुलांना आजचं इंग्रजी धड येत नाही, त्यांना व्हिदर-हिदर शिकवून काय मिळणार? परीक्षेसाठी अवघड शब्दांच्या याद्या पाठ करायचं खूळ आधीच खूप आहे.

गिरगावकरीण

स्पष्टवक्ता, यादी पाठ करायला माझाही विरोध आहे. पण ‘हिदर’ म्हणजे इकडे, ‘हिअर’ म्हणजे इथे. ‘व्हिदर’ म्हणजे कुठे जायला, ‘व्हेअर’ म्हणजे कुठल्या जागी, ‘व्हेन्स’ म्हणजे कुठून. ‘कुठे चाललास’ आणि ‘कुठून आलास’ यातला फरक इंग्रजीत एकेका शब्दात होता. हे एकदा मराठीतून दाखवलं की यादी उरतच नाही.

आणि उपयोगाचं म्हणाल तर, ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘का’ हे माहीत नसल्यामुळे ज्यूलिएट सज्जात उभी राहून ‘रोमिओ, तू कुठे आहेस’ म्हणतेय असं लाखो लोक समजतात. ती विचारतेय, तू रोमिओ का आहेस? शत्रूच्या घराण्यातलं हे नाव तुलाच का? त्या प्रवेशाचं सगळं दुःख त्या एका ‘का’मध्ये आहे.

मिरजेचा_पाना

मी गॅरेजवाला, इंग्रजी बेताचं. पण एक शब्द आमचा घ्या. स्टेपनी. माझा एक गिऱ्हाईक इंग्लंडहून सुट्टीला आला होता, मी म्हटलं स्टेपनीत हवा नाही, तर तो बघतच राहिला. तिकडे ‘स्पेअर व्हील’ म्हणतात. मग मी शोधलं.

सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. रस्त्यात पंक्चर झालं की तिथेच टायर उतरवून काढायचा. वेल्समधल्या लानेल्ली गावात डेव्हिस नावाच्या भावांनी १९०४ साली आऱ्या नसलेली एक धाव तयार केली, टायर चढवूनच ठेवलेली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून क्लॅम्पने आवळायची आणि गाडी पुढे हाकायची. त्यांचं दुकान स्टेपनी रस्त्यावर, म्हणून मालाचं नाव स्टेपनी. सगळ्या साम्राज्यात ती गेली. पुढे गाडीबरोबर पूर्ण चाकच मिळू लागलं, विलायतेत नाव विसरले, आम्ही नाही विसरलो.

डिकीचंही तसंच. घोडागाडीच्या मागे नोकराला बसायची जी जागा, ती डिकी. आता तिथे बॅगा असतात.

पाटीपेन्सिल

पाना भाऊ, एक नंबर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

कट्टेकरी_नागपूर

अशाच बोटीवरून आलेला ‘पॉश’. मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटीत श्रीमंत लोक विलायतेहून निघताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, सावलीतली खोली घेत. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ असा तिकिटावर शिक्का असे, त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश.

जुनाट_दस्त

कट्टेकरी, ही गोष्ट मीही अनेक वर्षं सांगत होतो, पण ती खरी नाही. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. आद्याक्षरांपासून शब्द झाल्याच्या बहुतेक कथा अशाच नंतर रचलेल्या असतात. जुन्या शब्दांच्या नादी लागल्यावर हे पथ्य पाळावं: गोष्ट जितकी गोड, तितकी तपासून घ्यावी.

कट्टेकरी_नागपूर

धन्यवाद, दुरुस्ती मान्य. मग भरपाई म्हणून एक पक्कं देतो. ‘अंपायर’ हा मुळात ‘नंपायर’ होता. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’, म्हणजे जो जोडीतला नाही, दोघांच्या भांडणातला तिसरा. ‘अ नंपायर’ म्हणता म्हणता ‘न’ घरंगळून ‘अ’ला चिकटला. एप्रनही आधी ‘नेप्रन’ होता. उलट ‘निकनेम’ हे ‘अ‍ॅन ईकनेम’ होतं, ‘ईक’ म्हणजे वाढीव. तिथे ‘न’ पुढच्या शब्दाला मिळाला. नारंगचं ऑरेंजही असंच झालं.

शिळोप्याच्या_गप्पा

नारंगचा ‘न’ गेला खरा, पण इंग्रजीत नाही. तो इटालियन-फ्रेंचच्या हद्दीतच गळला होता, इंग्रजांना फळ ‘न’शिवायच मिळालं. स्पॅनिशमध्ये अजून ‘नारान्हा’ आहे.

मला अर्थ बदललेले शब्द जास्त ओढतात. ‘डिअर’ म्हणजे हरीण हे पहिलीतलं पोर सांगेल. पण जुन्या इंग्रजीत ‘देओर’ म्हणजे कुठलंही जनावर. शेक्सपिअर उंदीर-घुशींनाही ‘स्मॉल डिअर’ म्हणतो. आणि आपला मृग? संस्कृतात आधी मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर. म्हणून शिकारीला मृगया, सिंहाला मृगराज, माकडाला शाखामृग. मग अर्थ आकसत आकसत हरणावर येऊन थांबला. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच प्राण्यापाशी येऊन थांबल्या! शिकारीत सगळ्यांत जास्त मारलं गेलेलं जनावर तेच, म्हणून असेल.

‘सिली’ म्हणजे एके काळी धन्य, पुण्यवान. मग निष्पाप, मग बिचारा, मग खुळा. ‘नाइस’ उलट दिशेने आला, लॅटिनमधल्या ‘अडाणी’पासून. आपलं ‘साहस’ही धर्मशास्त्रात गुन्हा होतं, जबरदस्तीने केलेलं दुष्कृत्य. आज आपण साहसाचे पुरस्कार देतो.

डोंगरवाट

एक छोटंसं. ‘गो’चं भूतकाळी ‘वेंट’ का, हे मला लहानपणापासून छळायचं. वेंट हा मुळात ‘वेंड’चा भूतकाळ, वेंड म्हणजे वाट धरणे. गोचं स्वतःचं जुनं रूप वेगळंच होतं, ते गेलं आणि वेंट त्याच्या जागी येऊन बसला. इकडच्या एका शिक्षिकेला हे सांगत होते आणि मध्येच थांबले. जाणे, पण गेला. ‘जा’ संस्कृतच्या ‘या’वरून, ‘गेला’ गम्-गतवरून. आपणही अगदी तेच करतो आणि कधी लक्षातही येत नाही.

जुनाट_दस्त

गिरगावकरीण ताई, तुमच्या पहिल्या प्रतिसादातला ‘इंडेंचर’ कोणी उचललाच नाही. खरा ऐवज तोच आहे.

इंडेंचर म्हणजे दातेरी. लॅटिन ‘डेन्स’, आपला दंत. एकाच चामड्यावर करार दोनदा लिहायचा, मधल्या जागेत नागमोडी, दातेरी कापायचं आणि एकेक तुकडा एकेकाने न्यायचा. उद्या कोणी बनावट खत आणलं तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे. दाताला दात जुळला तर खरं. गिरमिटिया मजुरांचे करारही याच नावाचे.

हिशेबाच्या काठ्यांचंही असंच. लाकडावर खाचा पाडून रक्कम नोंदवायची आणि काठी उभी चिरायची. लांब भाग कर्ज देणाऱ्याकडे, तो ‘स्टॉक’. आखूड भाग कर्ज घेणाऱ्याकडे, तो ‘फॉइल’. बँकेत पैसे भरल्यावर शिक्का मारून हातात देतात त्या काउंटरफॉइलमध्ये तो फॉइल आहे. ‘स्कोअर’ म्हणजे वीस, तोही मुळात खाच. माझी आजी जवारीच्या पेंढ्या ‘दोन ईस, तीन ईस’ अशा मोजायची, प्रत्येक विसाला भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढून.

ब्रिटिश खजिन्यात या काठ्या १८२६पर्यंत चालू होत्या. पुढे ढीग झाला म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ला लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्टीत त्या जाळायला घेतल्या, आग धुराड्यातून पसरली आणि संसदेची जवळजवळ सगळी इमारत जळाली.

तुमच्या आजोबांच्या मूळ खताची वरची कड जरा पाहाल का? झेरॉक्सवर दिसणार नाही.

गिरगावकरीण

दस्त काका, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला. आज दुपारी आईच्या कपाटातली पत्र्याची पेटी उघडली. जाड कागद, कापडाच्या पट्टीवर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला. वर मोठ्या वळणदार अक्षरांत ‘धिस इंडेंचर’.

कड सरळ आहे. बोट फिरवून पाहिलं, एकही दात नाही. मग शोधल्यावर कळलं की दातेरी कापायची सक्ती इंग्लंडमध्ये १८४५च्या कायद्यानेच काढून टाकली होती. आजोबांनी घर घेतलं तेव्हा त्याला जवळजवळ नव्वद वर्षं झाली होती.

आई शेजारी बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिने कागद हातात घेतला, खालच्या बाजूला आजोबांची सही शोधली, मोडीतली, आणि म्हणाली, ही त्यांच्याच हातची आहे, हे मी दातांशिवाय सांगते.